पाच वर्षे न घासलेली भांडी: एका व्हॅम्पायर विनोदपटाच्या आस्वादाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान चित्रपट मंडळातले आहे. मंडळाचे नाव आणि सदस्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मंडळाचे तीसेक सदस्य महिन्यातून एकदा एकत्र बसून चित्रपट पाहतात आणि त्यानंतर तासभर त्यावर बोलतात. त्यांच्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, नोकरदार आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत, आणि गंभीर चित्रपट पाहण्याची सवय सगळ्यांनाच आहे. संथ दृश्ये, अर्धवट सुटलेले शेवट, एकही संवाद नसलेली दहा-दहा मिनिटे हे सारे ही मंडळी सहज पचवतात. विनोदी चित्रपट मात्र आमच्या यादीत वर्षाला एखादाच असे, आणि तोही बहुधा मूकपटांच्या काळातला. या सवयीचा पुढे घडलेल्या गोष्टींशी थेट संबंध आहे.

त्या वर्षी कार्यक्रमांची आखणी माझ्याकडे होती. 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' हा २०१४ सालचा न्यूझीलंडचा चित्रपट मीच सुचवला. जेमेन क्लेमंट आणि तायका वायटीटी या दोघांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केल्या. वेलिंग्टन शहरातल्या एका जुन्या घरात चार व्हॅम्पायर एकत्र राहतात आणि माहितीपट करणारे एक पथक कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे फिरते, एवढीच मूळ कल्पना. याच कल्पनेवर याच दोघांनी २००५ मध्ये एक लघुपट केला होता. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा खर्च सुमारे १६ लाख अमेरिकी डॉलर सांगितला जातो, जो मोठ्या स्टुडिओच्या हिशेबात किरकोळ ठरतो. माहितीपटाचा आव आणणाऱ्या अशा काल्पनिक चित्रपटाला मॉक्युमेंटरी म्हणतात, आणि हा प्रकार आमच्या सदस्यांना अपरिचित नव्हता.

कार्यक्रम समितीत आम्ही तिघे होतो. त्यांपैकी एकांनी बैठकीतच शंका काढली होती. "विनोद समजावून सांगावा लागणार असेल, तर तो लावताच कशाला?" असे त्यांनी विचारले. समजावून सांगावा लागणार नाही, असे मी छातीठोकपणे म्हणालो आणि घरी जाऊन प्रास्ताविक लिहायला बसलो.

पहिला खेळ

प्रास्ताविक पंचवीस मिनिटे चालले. तळघरात राहणारा आठ हजार वर्षांचा पीटर दिसायला १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातल्या काउंट ऑर्लोक या व्हॅम्पायरसारखा का आहे, ८६२ वर्षांच्या व्लादिस्लावमध्ये इतिहासातल्या कोणत्या क्रूर सरदाराची थट्टा आहे, ३७९ वर्षांच्या व्हियागोची झालर लावलेली वस्त्रे कोणत्या परंपरेतून येतात, पाहुण्याच्या ताटातल्या शेवयांच्या अळ्या होतात तो प्रसंग १९८७ च्या कोणत्या चित्रपटाकडे बोट दाखवतो, हे सारे मी क्रमवार सांगितले. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. उत्साहाच्या भरात मी दोन-तीन प्रसंगही सांगून टाकले. व्हियागो एका तरुणीचा गळा फोडण्यापूर्वी रक्ताचे डाग पडू नयेत म्हणून खाली वर्तमानपत्र आणि टॉवेल अंथरतो, हा त्यांतलाच एक.

चित्रपट सुरू झाला. संध्याकाळी सहाचा गजर वाजतो, शवपेटीचे झाकण किलकिले होते, आतून एक हात बाहेर येतो आणि चाचपडत गजर बंद करतो. सभागृहात कोणीही हसले नाही. व्हियागो उरलेल्या मित्रांना उठवत फिरतो. डीकन कपाटात उलटा लटकून झोपलेला असतो, पीटरसाठी तळघरात जिवंत कोंबडी न्यायची असते. तरीही शांतता. मग घरातल्या कामांच्या वाटणीची बैठक भरते आणि डीकनने पाच वर्षे भांडी घासलेली नाहीत, असे कळते. मागच्या रांगेतून एकदा हसू ऐकू आले आणि लगेच दबले.

टॉवेल अंथरण्याचा प्रसंग आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या तिघांनी मान डोलावली. मी सांगितले होते तसेच घडत आहे, याची ती पोचपावती होती. विनोदी चित्रपट पाहताना प्रेक्षकाने संमतीदर्शक मान हलवावी, यासारखे वाईट लक्षण मला तरी दुसरे माहीत नाही.

चित्रपट दीड तासापेक्षाही थोडा लहान आहे, तरी मधूनच सात जण उठून गेले. नंतरच्या चर्चेत सूर नाराजीचा होता. भीतीही वाटत नाही आणि हसूही येत नाही, अशी पहिली तक्रार. कॅमेरा सारखा हलतो आणि प्रकाश अपुरा आहे, अशी दुसरी. "पैसा नव्हता, हे जागोजागी दिसतं," असे एक सदस्य म्हणाले आणि बऱ्याच जणांना ते पटले. सर्वांत शेवटी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पण यात कोणी विनोद करतच नाहीये." ती तक्रार म्हणून म्हणाली होती. मी वहीत ते वाक्य तारखेसह लिहून घेतले, कारण चित्रपटाचे इतके अचूक वर्णन त्या दिवशी माझ्या पंचवीस मिनिटांतही आले नव्हते.

अडचण नेमकी कोणती होती

पुढच्या आठवड्यात समितीने या खेळाची चिकित्सा केली. माझा पहिला अंदाज असा होता की आमच्या प्रेक्षकाला हलकेफुलके पाहण्याची सवय नाही. हा अंदाज सोयीचा होता, कारण त्यात दोष प्रेक्षकाच्या माथी जात होता. आम्ही सात-आठ सदस्यांशी सविस्तर बोललो, आणि त्यातून एक गोष्ट अनपेक्षितपणे समोर आली.

चित्रपटात हे मित्र रात्री नटूनथटून शहरात फिरायला निघतात, पण नाइट क्लबच्या दारावर अडतात. व्हॅम्पायरला कोणी आत बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. म्हणून ते दारावरच्या रखवालदाराला आपल्याला आत या म्हणण्याची गळ घालतात आणि तो काही तसे म्हणत नाही. दोन ज्येष्ठ सदस्यांना वाटले होते की जुनाट कपड्यांमुळे त्यांना आत सोडत नाहीत. आमंत्रणाचा नियम त्यांना ठाऊकच नव्हता. तसेच बाहेर पडण्यापूर्वी हे मित्र एकमेकांची चित्रे काढून दाखवतात, कारण आरशात त्यांचे प्रतिबिंब पडत नाही आणि आपण कसे दिसतो हे कळायला दुसरा मार्ग नाही. प्रतिबिंबाची गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला तिथे चित्रकलेची हौस असलेली काही प्रौढ मंडळी दिसतात, आणि त्यात हसण्यासारखे काहीच नाही.

थोडक्यात, मी विनोद सांगितले होते आणि ज्या नियमांवर ते उभे आहेत ते नियम गृहीत धरले होते. नेमके उलटे करायला हवे होते. या चित्रपटातला जवळजवळ प्रत्येक विनोद एकाच रीतीने तयार होतो: व्हॅम्पायरविषयीचा जुना नियम घ्यायचा, त्याच्याशी प्रामाणिक राहायचे आणि रोजच्या घरगुती आयुष्यात त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करायचा. नियम ठाऊक असलेला प्रेक्षक पुढचे पाऊल स्वतः टाकतो आणि हसतो. ते पाऊल दुसऱ्याने आधीच टाकून दाखवले, तर त्याच्यासाठी काही उरत नाही.

दुसरा गुंता पैशाचा होता. प्रास्ताविकात मी अल्प खर्चाचा उल्लेख कौतुकाने केला होता आणि ऐकणाऱ्यांनी लगेच उणिवा शोधायला सुरुवात केली. वास्तविक या चित्रपटात तुटपुंजेपणा लपवलेला नाही, त्याला काम दिले आहे. सुरुवातीलाच एका माहितीपट मंडळाची पाटी येते आणि छायाचित्रण पथकाने गळ्यात क्रूस घातले असल्याचे व पथकाला अभय मिळाल्याचे प्रेक्षकाला कळते. तेवढ्या एका क्लृप्तीने हलता कॅमेरा, मंद प्रकाश आणि अर्धवट टिपलेली दृश्ये यांना कथेतच कारण मिळते. दोन मित्र भांडताना वटवाघळे होतात तेव्हा कॅमेरा त्या अद्भुताने अजिबात थक्क होत नाही. शेजारच्या भाडेकरूंची कुरबूर चालावी तसे तो ते पाहतो. महागड्या चित्रपटाला हे जमले नसते, असे मी म्हणणार नाही, पण त्याला तो मोह आवरणे जड गेले असते.

खरी मेहनत दुसरीकडे आहे. दिग्दर्शकांनी पटकथा लिहिली होती, पण नटांच्या हाती ती दिली नव्हती; प्रसंग समजावून सांगायचे आणि संवाद त्यांना जागेवर सुचू द्यायचे, अशी पद्धत होती. त्यातून सुमारे सव्वाशे तासांचे चित्रण जमले आणि त्यातून दीड तासाचा चित्रपट निवडून काढावा लागला. म्हणजे कारागिरी आहे ती संकलनात: कोणाचे उत्तर कुठे तोडायचे, निर्विकार चेहरा किती क्षण धरून ठेवायचा, हे ठरवण्यात. नेपथ्य आणि प्रकाशयोजना पाहून चित्रपटाचे मोल करायला शिकलेल्या आमच्या डोळ्यांना ती दिसली नाही.

समोर असलेले पर्याय

विषय तिथेच सोडून पुढच्या महिन्याच्या चित्रपटाकडे वळावे, असे समितीतल्या शंका काढणाऱ्या सदस्यांचे मत होते, आणि ते गैर नव्हते. प्रत्येक चित्रपट प्रत्येकाला आवडला पाहिजे असा मंडळाचा दावा नाही. पण इथे लोकांनी चित्रपट पाहून नापसंत केला की माझे प्रास्ताविक ऐकून, हेच स्पष्ट नव्हते. त्यामुळे तो पर्याय मला पळवाट वाटला.

संपूर्ण चित्रपट लगेच पुन्हा लावायचा, तर प्रदर्शनाची परवानगी नव्याने घ्यावी लागणार होती, आणि उठून गेलेले सात जण परत येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. लेखी टिपण काढून वाटण्याची सूचना आली, ती मी स्वतःच नाकारली, कारण माझे टिपण म्हणजे तेच प्रास्ताविक कागदावर आले असते.

एका विद्यार्थ्याने वेगळाच मुद्दा मांडला. त्याने हा चित्रपट पूर्वी एकट्याने पाहिला होता आणि तो पोट धरून हसला होता. मंडळाच्या खेळात मात्र त्याचे ओठही हलले नाहीत. "इथे हसलो तर लोक वळून बघतील असं वाटतं," असे तो म्हणाला. म्हणजे ज्याने त्याने घरी पाहावा, हाही एक पर्याय होता आणि कदाचित तोच सर्वांत परिणामकारक ठरला असता. परंतु एकत्र पाहणे हाच मंडळाचा हेतू असल्यामुळे आम्ही तो बाजूला ठेवला आणि त्याच्या बोलण्यातली वातावरणाची तक्रार तेवढी उचलली.

शेवटी निवडक प्रसंगांचे एक छोटे सत्र घ्यायचे आणि त्याला एखाद्या जुन्या चित्रपटाची जोड द्यायची, असे ठरले. जोडीला काय घ्यावे यावर बराच वाद झाला. मला १९८४ चा 'धिस इज स्पायनल टॅप' हवा होता, कारण मॉक्युमेंटरीची रीत त्यातून चांगली कळते. शंकेखोर सदस्यांनी तो मोडीत काढला. आमच्या लोकांनी माहितीपट खूप पाहिलेले आहेत, त्यांचे अडले आहे ते व्हॅम्पायरच्या नियमांपाशी, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो बिनतोड होता. आम्ही 'नोस्फेराटू' निवडला.

प्रत्यक्षात काय केले

पहिला बदल जागेचा होता. लांबलचक सभागृहात तीस माणसे विखरून बसत, दोन माणसांमध्ये तीन रिकाम्या खुर्च्या असत. हसू संसर्गजन्य असते, पण ते रिकाम्या खुर्च्या ओलांडून जात नाही. आम्ही शेजारची लहान खोली घेतली, खुर्च्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ मांडल्या आणि मागे ठेवलेले स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना आणले. न्यूझीलंडचे इंग्रजी उच्चार कानाला नवे असल्यामुळे सबटायटल्स ठेवली, मात्र त्यांचा आकार वाढवला.

दुसरा बदल माझ्या तोंडाला कुलूप लावण्याचा. प्रास्ताविकाऐवजी प्रत्येकाच्या खुर्चीवर एक कागद ठेवला, ज्यावर तीनच ओळी होत्या: व्हॅम्पायरचे प्रतिबिंब आरशात पडत नाही; बोलावल्याखेरीज तो घरात शिरू शकत नाही; सूर्यप्रकाशाने तो मरतो. चित्रपटाचे नाव, संदर्भ, प्रसंग यांतले काहीही नव्हते. पहिले दोन नियम ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधल्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत सापडतात. तिसऱ्याची गोष्ट मजेशीर आहे. कादंबरीतला काउंट दिवसाही वावरतो, फक्त तेव्हा त्याची शक्ती उणावते. सूर्याच्या किरणांनी व्हॅम्पायरचा अंत होतो ही कल्पना 'नोस्फेराटू'ने रूढ केली. तो चित्रपट कादंबरीवरून परवानगीशिवाय, पात्रांची नावे बदलून काढलेला होता, आणि स्टोकरच्या पत्नीने न्यायालयात दाद मागितल्यावर त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो पाहायला मिळतो. शिवाय तो चित्रपटही काटकसरीचाच होता: छायालेखकाच्या हाती एकच कॅमेरा होता. हे सगळे सांगायला माझी जीभ शिवशिवत होती, पण ठरल्याप्रमाणे ते मी सत्र संपल्यावर, कोणी विचारले तेव्हाच सांगितले.

'नोस्फेराटू'मधली वीसेक मिनिटे आम्ही गांभीर्याने दाखवायची म्हणून निवडली होती. ऑर्लोक नव्या शहरात उतरतो आणि रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यांतून आपली शवपेटी स्वतःच काखेत घेऊन चालत निघतो, ते दृश्य आले आणि साहित्याच्या निवृत्त प्राध्यापिका खुदकन हसल्या. "अहो, याला एक गडी ठेवता येत नाही का?" असे त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि लहान खोली असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकले. खोलीत हशा पिकला. हे आमच्या आखणीत कुठेच नव्हते. १९२२ च्या त्या भयाण काउंटलाही घर बदलताना सामान उचलावे लागते, ही गोष्ट त्या बाईंनी एका वाक्यात पकडली, आणि व्हियागोच्या घरातली भांडी आणि ही शवपेटी यांचे नाते कोणालाही समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

यानंतर आम्ही नव्या चित्रपटातले तीन प्रसंग दाखवले. चित्रे काढण्याचा प्रसंग आला तेव्हा कागदावरचा पहिला नियम वाचलेले लोक मिनिटभरातच हसू लागले, त्यावर आम्ही काहीच बोललो नाही.

टॉवेलच्या प्रसंगावर मात्र आम्ही मुद्दाम रेंगाळलो. तो आधी नेहमीप्रमाणे दाखवला. मी पूर्वी फोडून टाकलेला असल्यामुळे प्रतिसाद बेताचाच होता. मग आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा लावला आणि एवढेच सांगितले की व्हियागोचे फक्त हात पाहा. आवाज गेल्यावर जे दिसले ते मलाही नवे होते. तो वर्तमानपत्र नुसते टाकत नाही, पाहुणीला अवघडल्यासारखे होऊ नये अशा बेताने, जणू तिच्या सोयीसाठीच, ते तिच्याभोवती नीट बसवतो. सगळी देहबोली अगत्यशील यजमानाची आहे. तरुणी आपल्या पुढच्या आयुष्यातल्या बेतांविषयी उत्साहाने बोलत असते आणि तो ऐकत असतो, खरोखर मन लावून ऐकत असतो. आवाज नसताना हे पाहून एका सदस्याने "बापरे" म्हटले. तिसऱ्यांदा आवाजासह दाखवल्यावर, दात रोवताच धमनी फुटून त्याने एवढे जपलेले सगळेच रक्ताने न्हाऊन निघते, तिथे खोली खदखदून हसली, आणि ते हसू पहिल्या दोन वेळांच्या शहाऱ्यावरच उभे होते. पहिल्या खेळात लोक म्हणाले होते की भीतीही नाही आणि हसूही नाही. इथे एकीवाचून दुसरे मिळत नाही, हे त्यांनीच अनुभवले.

तिसरा प्रसंग पोलिसांचा. आरडाओरड ऐकून दोन पोलीस घरात येतात. व्हियागोने त्यांच्यावर संमोहन केलेले असते, त्यामुळे डोळ्यांसमोरचे भीषण दृश्य त्यांना दिसत नाही आणि घरात धूरसूचक यंत्र नाही याबद्दल मात्र ते काळजीने समज देतात. या प्रसंगाला कोणताही नियम माहीत असावा लागत नाही. सरकारी तपासणी पाहिलेल्या प्रत्येकाला तो कळला.

इथे सत्र संपायचे होते. पण त्याच प्राध्यापिकांनी जॅकीचा प्रसंग पुन्हा पाहायची मागणी केली. जॅकी ही डीकनची मानवी सेविका. आपल्याला अमर करण्याचे त्याने कबूल केले आहे या आशेवर ती त्यांचे झालरीचे शर्ट इस्त्री करते, रक्ताचे डाग घासते आणि त्यांच्यासाठी माणसेही शोधून आणते. आश्वासन वर्षानुवर्षे लांबत राहते. आपण पुरुष असतो तर एव्हाना काम झाले असते, असे तीच कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवते. चित्रपटातली स्त्री-पात्रे अगदी पातळ आहेत, असे मी पहिल्या चर्चेत मान्य करून बसलो होतो. बाईंनी ते खोडून काढले. भांडी पाच वर्षे पडून राहतात हा विनोद, आणि ती शेवटी कोण घासते हे उत्तर. जॅकीवाचून हा चित्रपट अर्धाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर चाळीस मिनिटे चर्चा चालली आणि ती मी चालवलेली नव्हती.

निष्पत्ती

सत्रानंतर दोन आठवड्यांनी, पुन्हा परवानगी घेऊन, इच्छुकांसाठी पूर्ण चित्रपट त्याच लहान खोलीत लावला. चौदा जण आले. पूर्वी उठून गेलेल्या सातांपैकी दोघे त्यांत होते. गजर बंद करणाऱ्या हातापासूनच हसू सुरू झाले. स्टू या भिडस्त, शब्दांचा तुटवडा असलेल्या माणसावर चित्रपटातल्या व्हॅम्पायरांसारखाच या प्रेक्षकांचाही जीव जडला. ती भूमिका करणारा माणूस व्यवसायाने नट नव्हता हे नंतर सांगितल्यावर कोणालाच आश्चर्य वाटले नाही. स्टूने आणलेल्या संगणकावर ही शतकानुशतके अंधारात राहिलेली मंडळी सूर्योदय पाहतात, त्या वेळी खोली पहिल्यांदाच वेगळ्या कारणाने शांत झाली.

सगळे वळले असे मात्र नाही. शंकेखोर सदस्य शेवटपर्यंत आपल्या मतावर राहिले, पण त्यांची तक्रार आता अधिक नेमकी झाली होती. पूर्वार्धात प्रत्येक प्रसंग एका नियमाभोवती घट्ट बांधलेला आहे, तर उत्तरार्धात लांडगेमानवांचा हल्ला येतो तेव्हा चित्रपट स्वतःची रीत सोडून खऱ्याच भयपटासारखा पळू लागतो आणि अंधारात कॅमेरा हलवला की थरार झाला असे समजतो, असे त्यांनी मांडले. मला हे निम्मे पटते. शिवी दिली की आपल्याच टोळीला टोकणारे ते लांडगेमानव पहिल्या भेटीत फारच लोभस आहेत. जंगलातला हल्ला त्यांच्या वाट्याला आलेल्या विनोदाला शोभत नाही. "पैसा नव्हता हे दिसतं" या वाक्यापासून इथपर्यंतचा प्रवास मी या प्रकरणाची सर्वांत मोठी जमेची बाजू धरतो, मत बदलले नसले तरी.

शेवटच्या भागातली व्हियागोची प्रेमकथा मी कधी महत्त्वाची मानली नव्हती. जिच्यासाठी तो न्यूझीलंडला निघाला, पण शवपेटीवर चुकीचे टपालशुल्क लावल्यामुळे उशिरा पोहोचला, ती कॅथरिन आता नव्वदी ओलांडलेली आहे. तो तिला आपल्यासारखी करून घेतो, आणि वयातल्या अंतराबद्दल लोक काय म्हणत असतील याचा विचार करताना लक्षात येते की चौपट म्हातारा तर तोच आहे. ज्येष्ठ सदस्यांपैकी दोघे याच प्रसंगाबद्दल सर्वाधिक बोलले.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक निमंत्रणातच होती. त्यात मी "भयपटाचे धमाल विडंबन" असे छापले होते. 'धमाल' या शब्दाने प्रेक्षक कोट्या आणि पळापळीच्या तयारीने येतो, आणि ज्या चित्रपटात कोणी विनोद करतच नाही तो त्याला बेचव वाटणे स्वाभाविक आहे. आज मी तिथे 'व्हॅम्पायरांच्या घरातला माहितीपट' एवढेच लिहिले असते.

खर्चाचा आकडा चित्रपटाआधी सांगू नये, हेही आता माझे मत झाले आहे. आकडा कळला की प्रेक्षक हिशेबनीस होतो. आकडा नंतर सांगितला असता तर प्रेक्षक चकित झाला असता, आणि चकित होणे हाही आस्वादाचाच भाग आहे.

एका बाबतीत मात्र मी अजून साशंक आहे. दुसऱ्या सत्रात लोक हसले त्यातले चित्रपटामुळे किती, जवळ बसल्यामुळे किती आणि पहिला खेळ फसल्याची भरपाई करण्याच्या सौजन्यापोटी किती, हे वेगळे काढता येत नाही. जागा, मांडणी, प्रास्ताविक आणि जोडचित्रपट हे चारही बदल आम्ही एकदम केले. जागा तशीच ठेवून फक्त कागद दिला असता, तर नियमांच्या मुद्द्याची खरी परीक्षा झाली असती. हसू हाच निकष धरणेही तपासून पाहायला हवे होते. टॉवेलच्या प्रसंगात आवाज बंद असताना "बापरे" म्हणणारे सदस्य त्या दिवशी एकदाही हसले नाहीत, आणि पूर्ण खेळाला सर्वांत आधी येऊन बसले होते.

तीन नियमांचे ते कागद सत्रानंतर गोळा करून मी फाइलला लावले. प्राध्यापिकांच्या कागदावर खाली पेन्सिलने चौथा नियम लिहिलेला आहे: घर घेण्याआधी भांड्यांचे ठरवून घ्यावे.